दुकानातल्या रसाची चिचा

या हिवाळ्यात समुद्र आमच्या चुलीपर्यंत येणार, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. बटाट्याचे वाफे कड्यावरून केव्हाच खाली गेले होते. घर उचलून टेकाडावर न्यायचं ठरलं. आमच्या चिलोए बेटावर घर असं अख्खंच हलवतात. खाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे, दोराला सगळं गाव. याला मिंगा म्हणतात. मजुरी कोणी घेत नाही. घरच्या बाईने पोटभर जेवू घालायचं आणि आपल्या पिंपातली चिचा, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू, पाजायची. पिंप कोरडं असलं तर तोंडावर कोणी बोलत नाही, फक्त बैल लवकर थकतात. मग घर वाटेतच बसतं.

आणि यंदाच गारपीट नेमकी फुलोऱ्यावर आली. माझ्या झाडांना फळ म्हणून धरलं नाही. नणंदेची, सुनिल्दाची बाग आडोशाला, ती वाचली.

"वहिनी, मागितलंत तर देईन हो चिचा."

मागितलंत तर! ती चिचा तिने मला मरेपर्यंत ऐकवली असती. मी सुनेला, नेरिदाला घेतलं आणि होडीने कास्त्रो शहरातल्या मोठ्या दुकानात गेले.

फळीवर पारदर्शक डब्यांत एक रस सोन्यासारखा नितळ, दुसरा गढूळ, तळाशी साका. मी नितळ उचलला.

"आई, थांबा. यावर लिहिलंय, टिकण्यासाठी औषध घातलंय."

"मग चांगलंच की! आपण मासे धुरावतो, मटण खारवतो, ते टिकायलाच ना?"

"पण रस बिघडला तरच चिचा होते. जे बिघडू देत नाही ते आंबू कसं देईल?"

"माझी चिचा म्हणजे बिघडलेला रस? तुझ्या माहेरी असेल तशी!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. नितळ रस घरी आला, विरजण म्हणून मागल्या सालचा सगळा गाळ घालून पिंपात गेला.

चिचा आंबायला लागली की पिंप आतून बुडबुडतं. मी उठता-बसता कान लावायची. आत मढ्यासारखं शांत. मिंगा जवळ आली. एका सकाळी पाहिलं तर कोंबड्यांचं खुराडं कड्याखाली लाटांत फुटत होतं. त्याच दिवशी सुनिल्दा टपकली आणि पिंपावर हात ठेवून उभी राहिली.

"फार शांत आहे हो, वहिनी."

"सगळ्यांनाच तुझ्यासारखी बडबड जमत नाही."

ती गेल्यावर मी पुन्हा पिंपाला कान लावला. नेरिदा बटाटे किसत होती. मान वर केली नाही. नणंदेपेक्षा ते जास्त झोंबलं.

"हसून घे एकदाची," मी म्हटलं. "आणि होडी काढ."

"आता दिवस कमी उरलेत, चिचा कोवळीच होईल, आई. गोडसर."

"होऊ दे."

नितळ रस डुकरांना गेला. दुकानात तिने प्रत्येक डबा मोठ्याने वाचला, मी सगळ्यांदेखत ऐकला आणि बिनऔषधाचा गढूळ रस घेतला. पण आंबवायला गाळ कुठून आणायचा? वाडगा घेऊन मी सुनिल्दाच्या दारात उभी राहिले. तिने काही विचारलं नाही. वाडगा काठोकाठ भरला आणि हसली. त्या हसण्यात सगळं गाव जमा होतं. दुसऱ्याच दिवशी पिंप बुडबुडू लागलं, तरी माझी झोप गेली ती गेलीच.

मिंगेच्या दिवशी दोर बांधले, पेले भरले. सुनिल्दाने तोंड उघडलं.

"वहिनी, कुठल्या झाडाची म्हणायची ही?"

"दुकानातल्या डब्यातली," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "गाळ हिच्या घरचा. ज्याला चालत नसेल त्याने आत्ताच दोर सोडावा. वाटेत नको."

कोणी हललं नाही. कोणी प्यालंही नाही. सगळे बाउदिलिओकडे बघत होते; सर्वांत दांडगी बैलजोडी त्याची. त्याने पेला हुंगला, एक घोट घेतला, मिशी पुसली.

"बाई, ही तर पोरासोरांची चिचा."

"असू दे. भरपूर आहे."

त्याने पेला रिकामा केला, नेरिदापुढे धरला. तोही रिकामा केला. मग पराणी उचलून बैलांवर ओरडला. माणसं दोराला भिडली. माझ्या पुढचाच दोर सुनिल्दाने धरला.

"ओढा की वहिनी, बघता काय!"

ओंडके कण्हले. भिंती कचकचल्या. आणि घर कड्यापासून हातभर सरकलं.