सोलरवरचे बिबडे

रतिलालशेठच्या वाइनच्या कारखान्यात वाइनपेक्षा पाण्याचं काम जास्त होतं. टाक्या, नळ्या, पिंपं, बाटल्या, सगळं कढत पाण्यानं धुवावं लागे. टाकीच्या कडेला जुन्या रसाचा अंश राहिला, की नवा रस आंबट होऊन वाया जाई. ते पाणी तापवायचं काम कारखाना सुरू झाल्यापासून झुंबरबाईकडे होतं.

मागच्या पडवीत तिचं चुलाण होतं, त्यावर तांब्याचा मोठा हंडा. बाटल्या धुणाऱ्या बायका बादली घेऊन तिच्यापुढे उभ्या राहत. कुणाला आधी द्यायचं, कुणाला थांबवायचं, हे ती ठरवी. दुपारी सगळ्यांच्या भाकरी तिच्याच निखाऱ्यांवर गरम होत. साक्री तालुक्यातल्या त्या गावात झुंबरबाईला कुणी मोठं म्हणावं, असं घरी काही नव्हतं. कारखान्यात मात्र होतं.

१९९५च्या हंगामाआधी शेठनं सरकारी योजनेतून मळ्यातल्या विहिरीवर सोलरचा पंप बसवला. दुपारपर्यंत मळ्याची टाकी भरून जाई. त्यानंतर उन्हावर वीज करणाऱ्या काचेच्या प्लेटा नुसत्याच तापत पडून राहत. शेठला हे बघवेना. त्यानं भुसावळहून जीवरामला बोलावलं. जीवरामनं रेल्वेत डब्यांमधल्या दिव्यांचं काम करून पेन्शन घेतली होती. त्यानं एका ड्रमात पाणी तापवायचा रॉड बसवला, ड्रमाभोवती भुसा आणि गोणपाट गुंडाळलं आणि प्लेटांची तार खटक्यानं पंपावरून ड्रमावर वळवायची सोय केली. टाकी भरली की खटका दाबायचा. उतरत्या दुपारी ड्रमातून वाफ निघे.

खटक्याचं काम शेठनं कुंदाबाईला दिलं. कुंदाबाई वयानं लहान, नवरा गेलेली, दोनच वर्षांपूर्वी कामावर आलेली. प्लेटांची चौकट दिवसातून तीनदा सूर्याकडे फिरवायची, काच पुसायची, ड्रमाची तोटी सांभाळायची. बायका आता बादल्या घेऊन तिच्याकडे जाऊ लागल्या.

"धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत," असं त्या झुंबरबाईच्या देखत म्हणत.

शेठ एकदा पडवीत येऊन म्हणाला, "अक्का, हा हंगाम पाहू. ड्रमानं साथ दिली तर चुलाण काढू आणि इथं नवी टाकी बसवू. तुम्ही बाटल्यांवर या."

तानुबाईला बोलल्याशिवाय राहवत नसे. ती भाकरी उलटत म्हणाली, "झुंबर अक्का, आते तुम्हनं चुलाण इझी जाई. मंग आम्हना संगे बाटल्या धुवा."

"धुसू ना," झुंबरबाई म्हणाली, आणि लाकूड असं खुपसलं की तानुबाईच्या भाकरीवर राख उडाली.

कुंदाबाईचं सगळंच तिला खुपू लागलं. तिचं हसणं, तोटी सोडताना ती पदर कमरेला खोचायची ते, शेठ तिला नावानं हाक मारायचा ते. सगळ्यात जास्त खुपत असे ते हे, की कुंदाबाई तिच्याशी वाईट वागत नव्हती. तिला रोज "अक्का, बसा" म्हणत होती.

होळी जवळ आली, ज्वारीच्या पापडांचे, बिबड्यांचे दिवस आले. झुंबरबाई पहाटे उठून ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवी, ओल्या फडक्यावर बिबडे थापी आणि कामावर निघे. घराच्या धाब्यावर शेजारच्या शेळ्या चढत. एक फडकं त्यांनी साफ केलं. ती हे तानुबाईला सांगत होती, ते कुंदाबाईनं ऐकलं.

"अक्का, तुम्हना बिबडा आठे टाका ना, प्लेटासवर. आठे धूळ नही, बकऱ्या नहीत. काच तर तव्यासारखी तापस."

झुंबरबाईनं वर पाहिलं. महिन्यापूर्वी जीवरामनं प्लेटांवर येणारी लिंबाची एक फांदी तोडायला लावली होती. फांदी ओढून नेऊन चुलाणात घालणारी झुंबरबाईच होती. तेव्हा तो शेठला म्हणाला होता, "या प्लेटा डब्यांसारख्या एकामागं एक जोडलेल्या आहेत. एक डबा अडला की गाडी उभी." कुंदाबाई त्या दिवशी बाजाराला गेली होती.

"आन तुनं पानी थंड व्हयनं मंग?" झुंबरबाईनं विचारलं.

कुंदाबाई हसली. "खालनी एकच वळ झाकायनी तर काय व्हस? बांधवरना निंबनी सावली बठ्ठा वावरवर पडस का?"

शेतात वाढलेल्या कुणालाही हे पटलं असतं. सावलीत चार सऱ्या खुरटतात, बाकीचं पीक जोमानं येतं.

"तू सांगस तर टाकस," झुंबरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून प्लेटांच्या खालच्या ओळीवर बिबड्यांची फडकी पसरली. त्या दुपारी ड्रमातलं पाणी कोमट निघालं. पुढच्या दुपारी तसंच. कुंदाबाईनं काच पुसली, चौकट फिरवली, खटका पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. संध्याकाळी फडकी निघालेली असत, पण तोवर ऊन उतरलेलं असे. टाकी धुवायला कढत पाणी हवंच होतं. शेठनं पडवीत येऊन सांगितलं, "अक्का, पेटवा."

झुंबरबाईनं पेटवलं. बायका पुन्हा तिच्यापुढे उभ्या राहिल्या. कुंदाबाईही बादली घेऊन आली. झुंबरबाईनं तिला सगळ्यात शेवटी पाणी दिलं.

शेठनं भुसावळला फोन केला. जीवराम धुळ्याहून एस.टी. बदलून भर दुपारी पोहोचला. शेठ आणि तो सरळ प्लेटांकडे गेले. मागोमाग बायकाही हात पुसत गेल्या. फडकी तिथंच होती. जीवरामनं त्यांच्याकडे नुसतं बोट केलं.

"हे कुणाचं?" शेठनं विचारलं.

तेवढ्यात कुंदाबाई पुढे झाली.

"मना शेतस, शेठ. मीच टाकात. माले काय माहीत, एवढासानी पानी थंड व्हस."

"तुला राखायला ठेवलं, आणि तूच झाकून बसलीस?" शेठ म्हणाला. "टाकीतला रस वाया गेला असता म्हणजे? उद्यापासून ड्रमाला हात लावू नकोस. जीवरामभाऊ, या भरवशावर कारखाना चालत नाही. अक्का, चुलाण राहू द्या. तुमचं काम तुमच्याकडेच."

झुंबरबाईला हवं होतं ते सगळं मिळालं. कुंदाबाईनं आपल्याला का वाचवलं, हे मात्र तिला कळेना. आणि कळेना म्हणून रागच आला.

जीवराम फडकी गोळा करत होता. अर्धवट वाळलेला एक बिबडा त्यानं सोलून काढला आणि तोंडात टाकला. ओलसर बिबडा खाण्याची खोड खान्देशातल्या माणसाची जात नाही. तो चावता चावता थांबला.

"शेठ, हा खाऊन पाहा. तीळ, लसूण, सगळं बेतशीर. माझी आई असे करायची. कुंदाबाई, हाताला चव आहे हो तुमच्या."

शेठनं रागातच एक तुकडा घेतला. मग दुसरा घेतला. "खरंच की. कुंदा, आमच्या घरी पण दे करून. बायकोला सांगतो मी, असे बिबडे गावात कुणाला जमत नाहीत म्हणून."

बायका खाली पाहत होत्या. ते बिबडे कुणाचे, हे सगळ्यांना माहीत होतं. तानुबाईनं तोंडाला पदर लावला. कुंदाबाई म्हणाली, "करी दिसू, शेठ."

"तिना नहीत त्या," झुंबरबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मना शेतस. पहाटे उठी मी थापात. तिले घाटा तरी शिजाडता येस का? गुठळ्या करस ती."

"अक्का, राहू द्या ना," कुंदाबाई हळूच म्हणाली.

"काय राहू द्या? मना हातनी चव तू कसाले लेस?"

शेठ चावायचा थांबला. जीवराम झुंबरबाईकडे पाहत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "फांदी तोडली तेव्हा तुम्ही तर इथंच होतात. ती ओढून नेली तुम्हीच."

झुंबरबाईनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं, घडी घातली आणि काखेत मारलं. शेठनं उरलेला तुकडा तोंडात टाकला, हात झटकले आणि गड्याला हाक मारून सांगितलं, "पडवीतलं चुलाण उद्या फोड. हंडा आत नेऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना बायका ड्रमापुढे उभ्या होत्या. झुंबरबाई बादली घेऊन सगळ्यांच्या मागं थांबली.

"अक्का, पुढे या," कुंदाबाई म्हणाली. तिनं तोटी सोडली. बादलीतून वाफ वर आली.

झुंबरबाईनं पाण्यात बोटं घातली आणि झटकन काढली नाहीत. लाल होईपर्यंत तशीच ठेवली.

"कोमटच शे," ती म्हणाली, आणि बादली उचलून बाटल्यांकडे गेली.