अहवालातला पडदा

लहान उद्योगांवर कर कसा बसवावा, हे सरकारला सांगण्यासाठी नेमलेल्या समितीत ती एकटीच बाई. अहवाल तिनंच लिहिलेला, तीनशे पानांचा. पानं कुणी वाचली नव्हती. सगळ्यांनी वाचली होती ती एक चौकट. मंत्र्यांना आकडे झोंबत नाहीत, गोष्ट झोंबते, म्हणून अशा अहवालांत मधेच एखादी छोटी खरी गोष्ट चौकटीत घालतात. तिच्या चौकटी नावाजलेल्या होत्या.

महसूल सचिव चष्मा कपाळावर चढवून ती मोठ्यानं वाचत होते.

"एक शेड. आत शाळेची दप्तरं शिवतात. मधोमध फुलाफुलांचा पडदा. पडद्याअलीकडे नवऱ्याचा उद्योग, पलीकडे बायकोचा. दोघांची उलाढाल करमाफीच्या मर्यादेत. तपासनीस आला की शिलाईयंत्रं वाटून घेतात. तपासनीस गेला, की पडदा खुंटीला."

सगळी खोली हसली.

"बाई, तुम्ही अर्थशास्त्रात कशाला आलात? नाटकं लिहायची!" शेजारचा बँकवाला म्हणाला.

"बाहेरचे गुंतवणूकदार आपल्याला उगवती बाजारपेठ म्हणतात," सचिव म्हणाले, "आणि आपली बाजारपेठ उगवतेय पडद्याआड! कालच्या पेपरानं तर चौकट जशीच्या तशी छापलीय. एका छपराखालचे दोन धंदे एकच धरायचे, या तुमच्या शिफारशीला आता सगळे पडद्याचा नियमच म्हणतात. मंत्रीसाहेबांना ही शेड बघायचीय. घोषणा तिथंच करणार, पत्रकारांसमोर. संध्याकाळपर्यंत पत्ता कळवा."

तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता, तरी लावूनच ठेवला.

पत्ता तिला पाठ होता. त्या शेडच्या मागच्या खोलीत ती लहानाची मोठी झाली होती.

मागं एकदा ती दादाकडे जेवायला गेली होती. हात धुताना तिनं सहज विचारलं, मधे हा पडदा कशाला रे? दादाचा चेहरा कसा उजळला होता! शिकून मोठ्या जागी गेलेल्या बहिणीनं त्याच्या कामाबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं. त्यानं सगळं दाखवलं. इथं माझी हद्द, तिथं तुझ्या वहिनीचं राज्य. शिवणाऱ्या बायका हसत होत्या, दादानं पडदा ओढून, सोडून, पुन्हा ओढून दाखवला. ती विचारत गेली, तो सांगत गेला. तो बहिणीला सांगत होता. ती नमुना ऐकत होती. घरी पोचायच्या आतच मनात चौकट तयार झाली होती, शेवटच्या खुंटीसकट.

दुपारी ती शेडवर गेली.

"ये गं चिमे!" दादा यंत्रावरून उठला. "बघितलास पेपर? आपला पडदा छापून आलाय, फुलांसकट! अगं, आता फोटोच काय तो राहिला!"

तो हसला, पण हसू गालातच अडलं.

"त्या बटणवाल्याचं काम. दुसरं कुणाचं? रोज इथं चहा ढोसतो. काल भर रस्त्यात असा सोलला त्याला, असा सोलला! म्हटलं, तुझ्या बटणांवाचून माझी दप्तरं उघडी नाही पडायची."

"काहीच बोलले नाहीत हो ते," वहिनी म्हणाली. "हातातली पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि गेले."

"बोलेल कशाला? तोंड आहे का बोलायला? ते जाऊ दे. चिमे, तू सरकारला सल्ले देतेस, आज या गरिबाला एक दे. दोन्ही धंदे एक धरले तर कर लागणार, तो भरू एक वेळ. पण मागच्या सगळ्या वर्षांचा दंड लावला तर सहा बायकांतल्या तिघींना घरी बसवावं लागेल. कुणाला सांगू, तूच सांग. ही बघ, हिचं तर आता लग्न ठरलंय."

लग्न ठरलेली मुलगी लाजली, दोऱ्याचं टोक दातात धरून खाली बघू लागली. आणि ती, सल्ला देणारी, तिच्याकडे बघूच शकली नाही.

वहिनीनं कात्री खाली ठेवली.

"वन्सं, एक विचारू? बटणवाले येतात तेव्हा पडदा ओढलेलाच असतो. खुंटीचं त्यांना काय माहीत? खुंटी आपण घरच्या माणसांनाच दाखवली."

एकेक यंत्र थांबत गेलं. शेवटचं थांबलं तेव्हा बाहेरच्या रस्त्याचा आवाज आत आला.

"मी लिहिलं, दादा."

"काय लिहिलंस?"

"पेपरात आलेलं. ते माझ्या अहवालातलं आहे. मी लिहिलंय."

दादा तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती काही परकी भाषा बोलली आणि कुणीतरी आता अर्थ सांगेल.

"नाव नाही घातलं कुणाचं," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला त्या वाक्याची लाज वाटली.

"घातलं असतंत तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाली. "नाव घालायला निदान विचारावं तरी लागलं असतं."

दादा चपला शोधू लागला. एक सापडली, दुसरी यंत्राखाली गेली होती, वाकून काढली.

"कुठं निघालास?"

"बटणवाल्याकडे."

ती मागून निघाली. तो पुढं, ती मागं, लहानपणी शाळेत जाताना चालायची तशी. फक्त आज तो मागं वळून बघत नव्हता.

बटणवाल्याचं दुकान म्हणजे भिंतभर लाकडी खणच खण, प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलं एक बटण लावलेलं. शंभर डोळ्यांची भिंत. बटणवाला मान खाली घालून हुक मोजत होता.

"चुकलो रे," दादा दारातूनच म्हणाला. "तुझं काही नव्हतं त्यात. कालचं बोलणं मी मागं घेतो."

"मग सांगितलं कुणी?"

"माझ्याच तोंडाला कुलूप नाही. बोललो असेन कुठंतरी."

तो दारात असा उभा होता की ती बटणवाल्याला अर्धीच दिसावी. गप्प राहिली असती तर भागलं असतं. भावाच्या सावलीत उभं राहायचं, सावलीतूनच घरी जायचं. किती सोपं होतं, आणि किती सवयीचं.

"त्यानं नाही," ती पुढं येऊन म्हणाली. "मी. भाऊ बोलला तो फक्त माझ्याशी. मी ते सरकारला दिलं, आणि शिव्या तुम्ही खाल्ल्या."

बटणवाल्यानं तिला नीट बघितलं. मग पायानं एक स्टूल पुढं सरकवलं, दादाकडे. दादा बसला. ती उभी राहिली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सचिव.

"पत्ता?"

"देता येणार नाही."

"देता येणार नाही म्हणजे? बाई, गोष्ट रचलेली तर नव्हती ना?"

तिनं दादाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तसं समजा."

"काय समजा! मंत्र्यांना मी काय सांगू? उद्यापासून समितीत तुमचं नाव राहायचं नाही, लक्षात येतंय ना? आणि नियमाचं काय? तोही रचलेलाच का?"

इथं एक खोटं बोलली असती तर त्या दोघांना गोड लागलं असतं.

"नियम बरोबर आहे," ती म्हणाली. "मोठमोठे लोकही असेच पडदे लावतात. नियम ठेवा. चौकट काढा."

फोन बंद झाला.

"बरोबर आहे म्हणे," दादा बटणवाल्याला म्हणाला.

"आपणच कापले जाणार असलो तरी बरोबर?"

"असेल. ती शिकलेली आहे." या शब्दांत टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले. "तू तुझं काय करणार? तुझंही भावाच्या नावावर आहेच की अर्धं."

"वर्षभर बघतो. दंड काय, मागाहूनच येणार."

"मीही थांबतो मग."

दोघेही चुकत होते. तिला माहीत होतं, आणि सांगायचं तोंड तिला उरलं नव्हतं. बोलली तर पुन्हा शहाणी, न बोलली तर पुन्हा चोर.

"थांबू नका," ती म्हणाली. "नियम लागू झाल्यावर महिन्याच्या आत स्वतःहून दोन्हीची नोंदणी एक केली, तर मागचा दंड माफ आहे. सहाही बायका राहतील."

"कोण म्हणतं?" बटणवाल्यानं विचारलं.

"त्याच अहवालात आहे. मी घातलंय."

"पेपरात नाही आलं ते."

"नाही," ती म्हणाली. "ते चौकटीत नव्हतं."

दादानं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. त्याच्या नजरेत काहीतरी मोजल्यासारखं होतं, गिऱ्हाईक खरं बोलतंय की नाही हे बघताना तो तसं बघायचा.

"कागद कुठले लागतील?" त्यानं विचारलं.

ती सांगू लागली, उभ्याउभ्याच. बटणवाला पाठकोऱ्या पावतीवर लिहून घेत होता, आणि दादा तिचा प्रत्येक शब्द त्याच्याकडून पुन्हा वाचून घेत होता.