विहिरीवर ठेवलेला चहा

मित्रांनो, मी केवड्याच्या पानांची एक जुनी चटई आहे. जावा बेटावर, सोलो शहरातल्या नदीकाठच्या एका वस्तीच्या सभाघरात माझं बिऱ्हाड आहे. माझ्या मधोमध एक तपकिरी गोल डाग आहे. लोक म्हणतात, डागाळली बिचारी! अहो, बिचारी कसली? तो माझा दागिना आहे.

आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक. मला विणलं बू तुगिनेमनं. वस्तीच्या विहिरीवर पानं भिजवून, वाळवून. त्याच विहिरीवर ती सोयाबीन धुते आणि ते आंबवून टेम्पेच्या वड्या लावून विकते. विहीर गेली की तिची चूलच विझली म्हणायची.

सभेला पुरुष माझ्यावर बसायचे, बायका आत चहा करायच्या. एकदा नगरपालिकेची इंजिनीअर रेत्नो आली. नदीकाठच्या नव्या रस्त्याचा नकाशा तिनं माझ्यावर पसरला. रस्ता नेमका विहिरीवरून जात होता!

"कुणाची हरकत?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत; कुरकुर करायची ती पाहुणा गेल्यावर. रेत्नोनं वहीत लिहिलंसुद्धा, 'सगळे राजी'. मला तोंड असतं ना, तर मी ओरडलेच असते.

तेवढ्यात तुगिनेम चहा घेऊन आली. तिनं नकाशा पाहिला आणि वाफाळता पेला बरोबर विहिरीच्या जागी आदळला.

"अहो बू, नकाशा भिजेल!"

"भिजू दे. तिथं पाणीच आहे. माझी विहीर आहे ती!"

वस्तीप्रमुख पाक विर्यो कावरेबावरे झाले. "अगं, पाहुण्यांसमोर काय हे?"

"पाहुण्या आज जातील. मला उद्या सोयाबीन धुवायचंय. रोज माझे टेम्पे खाता आणि खुशाल माना डोलावता? शोभतं का?"

रेत्नोनं वहीतली ओळ खोडली. "चुकलंच माझं. मीही जावाचीच, या माना मला कळायला हव्या होत्या. आत आणखी कोण आहे?"

"सहाजणी."

"सगळ्यांना बोलवा."

पहिल्यांदाच बायका माझ्यावर बसल्या. काय सांगू, ऊर भरून आला माझा! उकडलेल्या शेंगांची टरफलं नकाशावर ठेवून त्यांनी दाखवलं, पूर कुठून शिरतो, मुलं कुठं खेळतात. आणखी तीन सभा झाल्या. शेवटी रस्ता विहिरीला वळसा घालून गेला.

पेल्याखालचा चहा मात्र कागदातून झिरपून माझ्यात मुरला. तोच हा डाग.

आता सभाघरात खुर्च्या आल्यात. मला फेकायचं ठरत होतं, पण तुगिनेमनं माझे उसवलेले काठ शिवले. या सगळ्यांची मी फार ऋणी आहे. मित्रांनो, तुमच्या गावातही रस्ता, बाग आखतील. तेव्हा बसलेल्यांच्या माना मोजून उठू नका. आत चहा कोण करतंय, तेही बघा.

आमच्याकडे सभेआधी तुगिनेम स्वयंपाकघरात डोकावते. "चला गं बाहेर, आधी बसा!"

चहा आता पाक विर्यो करतात. साखर जरा जास्तच पडते, पण आता कुणी मागाहून कुरकुरत नाही. तोंडावर सांगतात.