शकूआत्याचं परसदार

भाद्रपदात लाकूड फुगतं, आणि शकूआत्याच्या परसदाराचा फरशीवरून खरडत जाणारा आवाज भिसेगावातल्या आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचतो. माझ्या मनात आत्या उभी राहते ती त्या आवाजातूनच. पदर खोचलेला, एक हात कडीला, दुसरा दाराच्या कडेला, आणि तोंडाने माझा उद्धार चाललेला : "उचलून ओढ रं, ढोरासारखा रेटू नको!"

ती कौलारू बंगली तिच्या सासऱ्यांनी उल्हास नदीच्या काठी बांधली. पुढे लाकडी गजांचा व्हरांडा, वर रंगीत काचांचा झरोका, ज्यातून सकाळचं ऊन माजघरात तांबडं-निळं होऊन उतरतं, आणि मागे परसदारातून थेट पाण्यापर्यंत गेलेल्या दगडी पायऱ्या. आत्याचे गुडघे गेले, खालापूरला माझ्या बहिणीच्या शेजारी लिफ्टची जागा मिळाली, आणि बंगली विकायची ठरली. जाहिरात मी दिली. गिऱ्हाईक आलं की मी कौतुकाने झरोका दाखवायचो, आणि ही बया मला बाजूला सारून थेट परसदार उघडायची, चिखल दाखवायची आणि म्हणायची, "गौरीच्या दिशी गल्लीतल्या बायका हितून नदीवर गवर आणाया जातात. दार उघडं ठेवनार असाल तर पुढचं बोला." लोक पुढचं बोलायचे नाहीत. मी कपाळाला हात लावायचो.

काठावरच्या बाकीच्या वाटा नव्या इमारतींच्या कुंपणांत गेल्या होत्या. उरली होती ती हिची ओटी, हिचं माजघर आणि हिच्या पायऱ्या. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यापासून तिच्या घरी गवर बसत नव्हती. विधवेच्या घरी कशाला, असं कुणीतरी म्हणालं आणि तिने ते मुकाट्याने ऐकलं. पण गल्लीतली प्रत्येक गवर आधी तिच्या माजघरातून चालायची आणि मग आपापल्या घरी जायची. त्या दिवशी आत्या दुपारपासून परसदाराला पाठ लावून उभी राही, वाऱ्याने ते मिटू नये म्हणून. बायका गेल्या की फरशीवरची ओली पावलं ती पुसत नसे. आपोआप वाळेपर्यंत बघत बसे. मला ते बघवत नसे, खरं सांगतो.

अखेर ठाण्याचं एक जोडपं आलं. नवरा समजूतदार होता. म्हणाला, "आजी, मागे बेल बसवतो. वाजवली की लगेच उघडू."

आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "दोनी हात गवरीला, आन तोंडात नदीच्या पान्याची चूळ. घरात गवर ठेवीस्तवर बोलायचं नाय, मागं बघायचं नाय. बेल काय नाकानं वाजवायची?"

त्याची बायको खळखळून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "दार उघडं राहील, आजी." आत्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कागद करून टाक." सामान गेलं त्या दिवशी ती रडली नाही. मीच रडलो, आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली.

यंदाच्या गौरीला दार खरोखर उघडं होतं. नव्या बाईंनी माजघरात रांगोळीसुद्धा काढली होती. बायका नदीवर उतरल्या. माझी बायको सगळ्यांत पुढे, छत्री धरून मी मागे. चुळा भरल्या, गवरी उचलल्या, रांग पायऱ्या चढू लागली, आणि पुढच्या दारातून घुसलेल्या वाऱ्याच्या झोताने परसदार धाडकन आपटलं. फुगलेलं लाकूड चौकटीत घट्ट बसलं. आतून बाई ओढत होत्या, ओढत होत्या. दार जागचं हलेना. पावसात उभ्या त्या सगळ्या बायका, फुगलेले गाल, भरलेले हात, आणि तोंडातून एक शब्द नाही. नुसते डोळे माझ्याकडे. त्यांतही बायकोचे.

मी छत्री टाकली आणि घसा फाडून ओरडलो, "उचलून ओढा! ढोरासारखं रेटू नका!"

आतली ओढाताण थांबली. मग तोच आवाज, फरशीवरून खरडत, गल्लीच्या शेवटापर्यंत. दारात बाई, घामाघूम, केसांना धूळ लागलेली. कुणी काही न सांगता त्या वळल्या, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि एकेक गवर त्यांच्यासमोरून आत गेली.

संध्याकाळी खालापूरहून फोन आला. "दार उघडं व्हतं का रं?"

"वाऱ्यानं मिटलं होतं, आत्या. हाक मारावी लागली."

आत्या म्हणाली, "मारलीस ना? मग झालं."

झालं खरं. बंगली विकली गेली, आत्या त्या दारात पुन्हा उभी राहणार नाही. पण दर भाद्रपदात लाकूड फुगणार, वारा येणार, आणि बोलता न येणाऱ्या बायकांसाठी कुणाला तरी तिच्या शब्दांत ओरडावं लागणार. सध्या मी आहे.