डावा कोपरा

तुळशीचं म्हणणं एवढंच होतं, की डावा कोपरा तिचा आहे. घराचा नव्हे हो, कबड्डीच्या मैदानाचा.

रेवसच्या अलीकडे, मिठागरांना लागून असलेल्या त्या गावात पालखीच्या दिवशी दुपारी लेकी विरुद्ध सुना असा सामना होतो. हरेल त्या बाजूनं संध्याकाळी जेवण वाढायचं. आता सुना काय, बारा महिने वाढतातच. म्हणून जिंकायची खरी भूक त्यांनाच. गेली काही वर्षं सुना ऐटीत पानावर बसत होत्या आणि लेकी नाकं मुरडत त्यांना वाढत होत्या, ते तुळशीच्या जिवावर. चढाईला आलेली लेक परत फिरली रे फिरली, की तुळशी खाली झेप घेऊन तिचा घोटा असा धरायची की बिचारीला मधली रेघ नुसती बघत बसावं लागायचं.

आणि यंदा त्या कोपऱ्यावर उभी कोण, तर अमिषा! तुळशीची धाकटी जाऊ. लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती, आणि बाई तुळशीचा चार नंबरचा टी-शर्ट घालून मोकळी.

दोष कुणाचा म्हणाल तर तुळशीचाच. भातकापणी झाल्यापासून टणक शेतात रोजचा सराव, वर पहाटे बांधावरून पळणं. टाचेमागची शीर सकाळी आखडायची. उठल्यावर पहिली पावलं लंगडत पडायची, मग चालून चालून पाय मोकळा व्हायचा, आणि खेळताना तर दुखण्याचा पत्ताच नसायचा. मोकळा होतोय म्हणजे बरा होतोय, असं तुळशीनं धरून चाललं. शेवटी एका सकाळी टाच जमिनीला टेकेना.

अलिबागच्या फिजिओ मॅडमनी पाय दाबून बघितला. म्हणाल्या, "शीर तुटलेली नाही, पण तिला तुम्ही उसंतच दिली नाहीत. आता पळणं, उड्या बंद. नुसतं झोपूनही राहायचं नाही, शीर आणखी कमजोर होईल. पायरीच्या कडेवर उभं राहा, दोन्ही टाचा उचला, मग दुखऱ्या पायावर सावकाश खाली उतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं वाटलं, तर कमी करा. नाही वाढलं, तर हळूहळू वाढवा. गोळ्या खाऊन मात्र खेळू नका. दुखणं कळेनासं होतं आणि शीर तशीच ओढली जाते."

सासू गोदूबाईंनी त्यावर आपला उपाय जोडला. जाडं मीठ तव्यावर परतायचं, फडक्यात बांधायचं आणि पोटरी शेकायची. तुळशीला बरं वाटायचं. पण शेकता शेकता सासूबाईंचं तोंड चालायचं ना!

"आज धाकटीनं चौघींना धरलंन गो! काय हात हाय पोरीचा!"

तुळशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हात पोरीचा? अहो, तो घोटा धरायला शिकवला कोणी? याच अंगणात, याच बाईनं, गुडघे फोडून घेऊन! तेव्हा कुणी म्हणालं नाही, काय हात हाय. तुळशी मूग गिळून पाय शेकवून घ्यायची, आणि सराव बघायला गेली की अमिषाची पकड सुटावी म्हणून मनातल्या मनात देवीला सांगायची. पकड काही सुटत नसे. बाया टाळ्या पिटायच्या. तुळशीही पिटायची, न पिटून सांगते कुणाला.

मग एक दिवस सकाळी तिनं ते बघितलं. अमिषा खोलीतून बाहेर आली, भिंतीला हात लावून. पहिली काही पावलं लंगडत पडली, मग चाल सुधारली. चुलीपर्यंत पोचली तोवर कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. तुळशीच्या हातातला चहा तसाच राहिला. ती चाल तुळशीची स्वतःचीच होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अमिषा पायरीशी येऊन बसली. तुळशी टाचा उचलत होती.

"ताई, तुमचा पाय पहिल्यांदा दुखला, तेव्हा कसा वाटायचा?"

विचारणारी विचारत होती, म्हणजे आपला पाय बिघडतोय हे तिला कळलं होतं. सांगणारीनं दोन वाक्यं सांगितली असती तर काम झालं असतं. पण चार नंबरचा टी-शर्ट समोरच दोरीवर वाळत होता.

"काय नाय गो," तुळशी म्हणाली, "थोडं आखडतं. सवयीनं जातं."

अमिषाचा चेहरा खुलला. "मग ठीक हाय." ती उठून सरावाला गेली.

मी काय केलं? काहीच नाही, असं तुळशीनं स्वतःला बजावलं. ढकललं नाही, पाडलं नाही. आणि खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस तिला छान झोप लागली. पालखीच्या आठवड्यात मॅडमनी तिचा पाय पुन्हा तपासला. एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि म्हणाल्या, "आता बेतानं खेळायला हरकत नाही." तुळशी अलिबागहून परतली ती पेढे घेऊनच. आता फक्त कोपरा रिकामा व्हायचा होता.

पालखीच्या दुपारी सुना गोदूबाईंच्या अंगणात जमल्या. तुळशी पाणी आणायला घरामागं गेली तर अमिषा न्हाणीच्या दगडावर बसलेली. टाचेला पट्टी गुंडाळत होती. टाचेमागची शीर बोटाएवढी सुजून लालबुंद झालेली. बाजूला गोळ्यांचं पाकीट, निम्मं रिकामं.

"अमिषा! कधीपासून खातेस?"

"आजच्या दिवस फक्त. आईंना नका सांगू. पहिल्यांदाच माझं नाव घेतायत सगळ्या."

तुळशी तशीच अंगणात आली. सामना सुरू झाला असता, अमिषानं झेप घेतली असती, आणि ती शीर तटकन गेली असती. मग तुळशी आत उतरली असती. सगळं कसं न मागता झालं असतं.

"अमिषाला उतरवू नका," ती म्हणाली.

कप्तान हेमांगीनं डोळे बारीक केले. "का गो? जळतेस होय तिच्यावर?"

"जळते," तुळशी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून जळते. पण तिची टाच बघ आधी."

अमिषा मागून येत होती, न लंगडता. "काय नाय झालंय. थोडं आखडतं, सवयीनं जातं. ताईच म्हणाल्या."

तुळशीला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. ती पुढं झाली, खाली बसली आणि पट्टीवरूनच ती शीर चिमटीत धरली. अमिषा किंचाळली.

"मी खोटं बोलले," तुळशी म्हणाली. "सवयीनं जात नाय. सवयीनं तुटते."

अमिषाचे डोळे भरून आले. पण त्यातून ती रागानं बघत होती. "आणि माझ्या जागी उतरणार कोण? तुम्हीच ना? पेढे काय उगाच आणलेत?"

आता सगळ्या तुळशीकडे बघत होत्या. सासूसुद्धा. हो म्हणाली असती तर काय चुकलं असतं? पाय बरा होता, मॅडमची परवानगी होती. पण हो म्हटल्यावर अमिषानं तिचं एक अक्षर खरं मानलं नसतं. पट्टी बांधून पोरगी तशीच मैदानात घुसली असती, हट्टानं.

"मी पण नाय," तुळशी म्हणाली. "नीराबाईंना उभं करा."

नीराबाईंना गुडघ्यात वाकताना दोन माणसं लागतात. सुना हरल्या, आणि अशा हरल्या की लेकींना हसायलाही लाज वाटली. संध्याकाळी मांडवात लेकी पानावर बसल्या आणि सुना पातेली घेऊन वाकल्या. हेमांगी तुळशीशी बोलेना. गोदूबाईंनी अमिषाला मात्र पंक्तीत बसवलं, पाय पाटावर ठेवून. म्हणजे पानावर बसायची भूक भागली कुणाची, तर तिचीच! तुळशीनं तिच्या पानात तांदळाची भाकरी वाढली, वर कोलंबीचा रस्सा वाढला, आणि आतून जळून गेली.

"त्या दिवशी मी विचारलं," अमिषा पानात बघत हळूच म्हणाली, "तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

अमिषानं भाकरीचा तुकडा मोडला. तुळशी पुढच्या पानाकडे सरकली.

नंतर कितीतरी दिवस अमिषा अबोला धरून होती. मॅडमकडे तिचा नवरा मितेश घेऊन गेला तिला, तुळशीला कुणी विचारलं नाही. सूज उतरली तशी एका सकाळी तुळशी टाचा उचलत असताना अमिषा येऊन पायरीवर शेजारी उभी राहिली. टाचा उचलल्या, एक पाय काढून घेतला आणि सावकाश खाली उतरली. न डगमगता, भिंतीला बोटही न लावता. तुळशीला एवढं जमायला कित्येक आठवडे लागले होते.

मेली पहिल्याच दिवशी कशी सरळ उभी राहते बघा, असं तुळशीच्या मनात आलं. तिनं हात पुढं करून अमिषाचा दंड घट्ट धरला.

"घाई करू नकोस गो," ती म्हणाली. "आणखी सावकाश उतर."