सदुसष्ट नंबरचे सांधे

रॉझलिनने पाइपाच्या सांध्यावरची काजळी बाहीनेच पुसली आणि बॅटरीचा उजेड त्यावर धरला. बाजूला पिवळ्या रंगात तिचा नंबर होता, सदुसष्ट. एक्स-रे तपासणीत बाद झालेला हा तिचा अकरावा सांधा. सकाळीच फोरमनने भिंतीवर कागद लावला होता. तेवीस वेल्डरांतून एकालाच नारळ मिळणार होता, आणि तो तिला.

एडमंटन शहराबाहेरच्या त्या शेडमध्ये ती एकटीच बाई. जाण्याआधी आपण नेमकं कुठे माती खाल्ली, ते तिला बघायचं होतं.

सांध्यावरच्या वेल्डिंगच्या वळ्या उजवीकडून डावीकडे गेल्या होत्या. तिने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. अख्ख्या शेडमध्ये डावखुरी तीच. तिचा हात डावीकडून उजवीकडे चालतो. मग बाद ढिगातले उरलेले दहाही सांधे ती पाहून आली. एकही तिच्या हातचा नव्हता. पास झालेल्या रांगेत मात्र तिच्या वळणाचे सांधे होते, आणि त्यांवर नंबर होता एकेचाळीस.

एकेचाळीस म्हणजे मॅक. तिला हे काम शिकवणारा. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या सांध्यांवर नंबर टाकायचं कामही त्याच्याकडेच.

मॅक जेवायला बसला होता.

"ये पोरी. सूप घेतेस?"

"बाद झालेले सांधे तुमचे आहेत, मॅक."

त्याने चमचा खाली ठेवला.

"हात थरथरतो गं हल्ली. पेन्शनला दीड वर्ष उरलंय. तुझी तिशीसुद्धा नाही, कुठेही चिकटशील."

"मग मीच का सापडले? ड्वाइट होता, आणखी वीस जण होते."

"ड्वाइटच्या नावावर एक जरी टाकला असता, तर त्याने शेड डोक्यावर घेतली असती." मॅकने डब्याचं झाकण लावलं. "तुझे बाद निघाले तेव्हा कुणाला नवलसुद्धा वाटलं नाही. खरं सांगू? पहिल्याच सांध्याला तू येऊन भांडशील असं वाटलं होतं मला. तू तर माफी मागितलीस."

मागितली होती. वर तीन आठवडे रोज काम सुटल्यावर थांबून भंगारातल्या पाइपांवर हात बसवत राहिली होती, आणि हाच माणूस मागे उभा राहून "हळू, पोरी, घाई नको" म्हणत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

ती तडक फोरमनच्या खोलीत गेली. वळ्या, नंबर, डावा हात, सगळं एका दमात सांगितलं. फोरमनने ऐकून घेतलं आणि फोन उचलला.

"बस जरा," तो म्हणाला, "मॅकला बोलावतो. सांध्यांमधलं त्याला कळतं."