अडलेली जागा

आमच्या धाकट्या बहिणीला पीएच.डी. करायची होती, आणि तीही जाळं विणणाऱ्या कोळ्यांवर. घरात जळमट दिसलं की मी झाडू घ्यायची आणि ही भिंग. या विषयाचे गाईड अख्ख्या विद्यापीठात एकच, आणि त्यांच्याकडच्या जागा भरलेल्या. धाकटीच्या पात्रता परीक्षेची मुदत त्या वर्षी संपत होती. यंदा गाईड मिळाला नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सरांना पटवायला रांग होती. एकजण त्यांना रोज सकाळी बागेत योगायोगाने भेटायचा. सरांनी बागच बदलली. दुसऱ्याला कोणीतरी सांगितलं, सरांना वाद घालणारे विद्यार्थी आवडतात. त्याने भर व्याख्यानात उभं राहून एक सिद्धांत खोडून काढला. तो सरांचा नव्हताच, पहिल्या रांगेत बसलेल्या विभागप्रमुखांचा होता. हल्ली तो विमा विकतो.

धाकटीने यांच्यापेक्षा जास्त डोकं चालवलं. तिने जागा अडवून बसलेल्या माणसालाच गाठलं. विभागात त्याला आजोबा म्हणत. वय चाळिशीच्या आतलं, पण प्रबंध असा रखडलेला की त्याच्या मागून आलेले नोकरीला लागून पोक्त झाले होते. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ते झालं की हा सुटणार आणि जागा मोकळी होणार.

"मग तूच लिही की," आजोबा चहा ढवळत म्हणाला.

हिने लिहायला घेतलं. मी डोकं आपटून सांगितलं, "उघडकीला आलं तर दोघंही बाहेर जाल."

"ताई, उघडकीला यायला आधी कोणीतरी वाचावं लागतं. शेवटचं प्रकरण गाईड वाचत नाहीत."

पंचाईत अशी की आजोबाकडे लिहिण्याजोगं काहीच शिल्लक नव्हतं. मग हिने स्वतःचं घातलं. नदीच्या पुलावरचे पिवळे दिवे काढून पांढरे लावले, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी जाळी कशी हलवली, हे ती दोन वर्षं कठड्याला टेकून टिपत होती. पोरगी जीव द्यायला आली असं वाटून एका काकांनी तिची समजूतही काढली होती. ते सगळं आजोबाच्या प्रबंधात गेलं. माझ्याकडे अजून ढीगभर आहे, ती म्हणाली.

सरांनी प्रकरण वाचलं. नुसतं वाचलं नाही, चारचौघांत वाखाणलं. आजोबा डॉक्टर झाला, जागा मोकळी झाली, आणि धाकटी आपला आराखडा घेऊन सरांपुढे उभी राहिली.

सरांनी दोन पानं उलटली आणि चष्मा काढला. "पुलावरचे दिवे? हा तर त्याचा विषय. वाक्यंसुद्धा त्याचीच आहेत. निदान शब्द तरी बदलायचे होतेस."

खरं सांगितलं तर आजोबाची पदवी जाणार आणि तिलाही विद्यापीठाचं दार कायमचं बंद. ती मान खाली घालून उभी राहिली. सरांना ती शरमल्यासारखी वाटली असावी, कारण त्यांना तिची दया आली.

"चूक कळली ना? मग त्याच्याच हाताखाली शिक. सोमवारपासून तो इथे शिकवायला लागतोय, त्याला मी सहमार्गदर्शक करून घेतलंय. तो हो म्हणाला तर जागा तुझी."

आजोबा आता टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत होता. त्याने आराखडा चाळला, अगदी पहिल्यांदा पाहतोय अशा चेहऱ्याने.

"विषय बरा आहे," तो म्हणाला. "पण लिहायची सवय आहे का काही?"

"आहे, सर," धाकटी म्हणाली.

जागा मिळाली. हे तिने मला घरी हसत हसत सांगितलं, आणि त्या 'सर'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चांगली झापणार होते तिला. पण ती केव्हाच टेबलाशी जाऊन बसली होती. डॉक्टर आजोबांचा पहिला लेख महिनाअखेर द्यायचा होता.